तुमच्या गाडीचा दुसरा पंखा

बाबा, मागच्या रविवारी एका अनोळखी माणसाने तुमच्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि मी स्वेटरच्या खिशात हात घालून उभी राहिले. तो जयपूरहून आला होता. जुन्या गाड्या विकत घेतो म्हणे. तुमच्या मिहीरने बोलावलं होतं त्याला. तुम्ही असतात तर आधी त्याच्या हातात फडकं दिलं असतंत, हात पुसायला लावलं असतंत, मग बॉनेटजवळ येऊ दिलं असतंत. तुम्हाला जाऊन तेव्हा अठरा दिवस झाले होते.

त्या माणसाचं सांगतेच. पण आधी पंख्याचं सांगू द्या. ती गोष्ट आपल्या दोघांशिवाय कोणालाच पूर्ण माहीत नाही, आणि आता त्यातले निम्मे साक्षीदार गेले.

मिहीर आणि मी वेगळे झालो, तो टोरांटोला निघून गेला, त्यानंतर मी दिल्लीत द्वारकेला तुमच्याकडे दोन गोष्टी परत करायला आले होते. आईंनी लग्नात दिलेली पैठणी आणि तुमच्या फ्लॅटची किल्ली. आईंनी पैठणीला हातही लावला नाही. तुम्ही किल्ली घेतलीत, थोडा वेळ बोटांत फिरवलीत आणि म्हणालात की खाली गाडी चालू होत नाहीये, जरा बघतेस का. मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर खरी, पण गुरुग्रामच्या ऑफिसात स्क्रीनसमोर बसणारी. गाडीच्या बॅटरीला मी जन्मात हात लावला नव्हता. टर्मिनलवर बुरशीसारखी पांढरी पूड चढली होती. गरम पाणी ओतून ती घासून काढली आणि गाडी चालू झाली. एवढंच केलं मी. पण तुम्ही असं बघितलंत जणू मी इंजिन नवीन बांधून दिलं.

निघताना तुम्ही विचारलंत, पुढच्या रविवारी येणार का. तुम्हाला आता काय हाक मारायची ते न कळून मी अडखळले, आणि ते तुमच्या लक्षात आलं.

"बाबाच म्हण," तुम्ही म्हणालात. "काका म्हणालीस तर मागे कोण उभं आहे ते मला वळून बघावं लागेल."

अशी मी दर रविवारी यायला लागले. गुरुग्रामहून द्वारका काही लांब नाही. लांब वाटायचं ते पहिले दोन-तीन रविवार.

गाडी तुम्ही मिहीरच्या जन्माआधी घेतलीत, बदली होऊन दक्षिणेत निघालेल्या एका साहेबांकडून, आणि तेव्हाही ती जुनीच होती. गोल दिवे, पुढे सलग सीट, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. आकाशी रंग, दोनदा उडालेला आणि दोनदा दिलेला. तिची पन्नाशी उलटल्यावर तुम्ही तिची विंटेज म्हणून नोंदणी करून घेतलीत, म्हणून ती दिल्लीत राहिली. नाहीतर कधीच भंगारात गेली असती. रोज काढायची परवानगी नाही. मेळाव्याला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढी काढायची. 'दुरुस्ती' या शब्दाचा तुम्ही फार उदार अर्थ लावायचात. सरकारी नोकरीची छत्तीस वर्षं नियमांचे अर्थ लावण्यातच गेली होती म्हणा.

मग ते पानिपत झालं. चौथं पानिपत, तुम्ही म्हणायचात. तिथे जुन्या गाड्यांचा छोटासा मेळावा होता, मे महिन्यात, ही कल्पना ज्याची असेल त्याला नमस्कार. तुम्ही चालवत होतात, आई शेजारी, मी मागे डबे सांभाळत. हायवेवर गाडी मस्त पळत होती. पुढे पुलाचं काम चालू होतं, ट्रकच्या रांगा लागल्या होत्या, आपण थांबलो आणि तापमानाचा काटा चढायला लागला. तुम्ही तो आईंना दिसू नये म्हणून डाव्या हाताने झाकत होतात. मला मागून सगळं दिसत होतं. पाच मिनिटांत बॉनेटखालून वाफ आली. रेडिएटर थंड होईपर्यंत झाकण उघडायचं नाही, म्हणून आपण तासभर एका ढाब्याच्या खाटेवर बसलो, आई छत्री उघडून.  घरी त्या टॅक्सीने परतल्या, आणि संध्याकाळी चहा देताना शांतपणे सांगितलं की या गाडीत मी पुन्हा बसणार नाही.

तुमचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा तसा पडलेला पाहिला. गाडी तापली याचं तुम्हाला फार वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी विषय काढला. गाडीचा पंखा पट्ट्यावर, इंजिनच्या जोरावर फिरतो. गाडी थांबली की इंजिन हळू, म्हणून पंखाही हळू, आणि समोरून येणारा वाराही बंद. जॅममध्ये ती तापणारच. बॅटरीवर चालणारा वेगळा पंखा बसवला की प्रश्न मिटला.

"ही गाडी आहे," तुम्ही म्हणालात. "डेझर्ट कूलर नाही."

तीन रविवार आपण भांडलो. गाडी जशी बनवली तशीच राहिली पाहिजे, हा तुमचा मुद्दा. मग जुना डायनामो काढून नवा अल्टरनेटर कोणी बसवला, हा माझा. तो नाइलाज होता, तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, आई टॅक्सीने घरी आल्या, याला काय म्हणायचं? त्यावर तुम्ही चष्मा काढून पुसत बसलात. शेवटी तह झाला. मूळ पंखा जागेवर राहील, नवा पंखा रेडिएटरच्या पुढे, जाळीच्या आत बसेल, बाहेरून कोणाला दिसणार नाही, आणि उद्या काढायचा म्हटलं तर गाडीला एकही नवीन भोक पडलेलं नसेल. प्रत्येक कलम तुम्ही तोंडी वाचून दाखवलंत.

पंखा आणायला आपण मेट्रोने काश्मिरी गेटला, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. तुम्ही पुठ्ठ्याचा गोल कापून मापाला बरोबर घेतला होता आणि भर गर्दीत तो छातीशी धरून उभे होतात. एका बाईंनी तुम्हाला जागा दिली ती त्या पुठ्ठ्यामुळे असावी. कुठल्याशा छोट्या गाडीतून काढलेला जुना पंखा मिळाला. दुकानदाराने गाडीचं वय विचारलं आणि हसून म्हणाला, "अंकल, अब इसको आराम करने दो." तुम्ही त्याला म्हणालात की आराम मीही करत नाही.

त्यानंतरचे दिवस आठवायला मला आवडत नाहीत, पण ते वगळून लिहिलं तर ते तुमच्याबद्दल होणार नाही.

मला कामासाठी दोन आठवडे पुण्याला जावं लागलं. जाताना तुम्हाला बजावून सांगितलं होतं की मी येईपर्यंत पंख्याला वायर लावायची नाही, रिले आणि फ्यूज घेऊन येते, मग बघू. तुम्हाला धीर निघाला नाही. डॅशबोर्डवर कधीकाळचं एक धुक्याच्या दिव्याचं बटण होतं, त्याच्याच बारीक वायरवर तुम्ही पंखा जोडलात. मध्ये फ्यूजही नाही. पंखा जेवढी वीज ओढतो तेवढी त्या वायरला झेपणार नव्हती. ती वितळायला लागली आणि तुम्ही ती हाताने उपटलीत.

मी आले तेव्हा तुमचा उजवा तळवा बँडेजमध्ये होता. डॅशबोर्डखाली काळा डाग पडला होता, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर पेट्रोलची नळी जात होती. मी ओरडले, बाबा. पार्किंगमध्ये, गार्डसमोर, तुमच्या शेजाऱ्यांसमोर. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुम्ही ऐकून घेतलंत, आणि मग खालच्या आवाजात म्हणालात, "तू या घराची कोण म्हणून ओरडते आहेस?"

मी रिलेचं पाकीट गाडीच्या टपावर ठेवलं आणि निघून गेले.

तीन रविवार आले नाही. त्या प्रश्नात काय चूक होतं ते मी शोधत होते आणि मला सापडत नव्हतं. कागदोपत्री मी कोणीच नव्हते. मला राग आला होता तो त्याचाच. चौथ्या आठवड्यात, गुरुवारी, ऑफिसच्या मीटिंगमध्ये तुमचा मेसेज आला. आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढलेल्या आकृतीचा फोटो. बॅटरी, फ्यूज, बटण, पंखा, सगळं पट्टीने आखलेलं, आणि मध्ये एक रिकामा चौकोन. खाली तीन वाक्यं. 'रिले कुठे बसवावा ते कळत नाही. हात बरा आहे. रविवारी आई थालीपीठ करणार आहेत.'

माफी नव्हती कुठेच. मी रागावून ती आकृती मोठी करून करून पाहिली, एखादी तरी चूक सापडेल म्हणून. सापडली नाही. डाव्या हाताने काढलेली होती, रेषांवरून कळत होतं.

त्या रविवारी आपण पंखा जोडला. पॉवरची जाड वायर बॅटरीपासून फ्यूजमधून रिलेपर्यंत, तिथून पंख्याला. आणि बारीक वायर फक्त बटणापासून रिलेपर्यंत. बटण नुसता इशारा करतं, खरं ओझं जाड वायर उचलते, असं मी समजावत होते. तुम्ही मान डोलावून म्हणालात, "म्हणजे सही साहेबाची, काम शिपायाचं." रिलेचं काम इतक्या थोडक्यात मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी ते ऑफिसात नव्या मुलांना सांगते आता.

बटण दाबलं, टक् आवाज झाला, पंखा फिरला. मी हात वर केले. तुम्ही मात्र गाडीच्या पुढे गेलात, खिशातला रुमाल काढलात आणि जाळीसमोर धरलात. तो जाळीला चिकटायला हवा होता. उलट तुमच्याच तोंडावर फडफडायला लागला.

"ऋचा," तुम्ही म्हणालात, "हवा बाहेर येते आहे."

तो पंखा रेडिएटरच्या मागे राहून हवा ओढण्यासाठी बनलेला होता; आपण तो पुढे बसवला होता. दोन वायरींची अदलाबदल करायची, की तो उलटा फिरणार. एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, मला, पगारी इंजिनियरला. तुम्ही एका शब्दाने टोमणा मारला नाहीत. नुसता रुमाल माझ्या हातात दिलात, वायरी बदलल्यावर मीच धरावा म्हणून. तो जाळीला चिकटला तेव्हा तुम्ही आईंना फोन लावलात आणि खाली या म्हणालात.

त्या आल्या. मनधरणीला पुढचे दोन आठवडे लागले, पण आल्या. जुलै संपत आलेला, धौला कुआंचा संध्याकाळचा जॅम, तुम्ही मुद्दाम तो निवडला होतात. काटा चढला, तुम्ही बटण दाबलंत, काटा थबकला आणि हळूहळू खाली आला. या वेळी तुम्ही तो झाकला नव्हतात. आई खिडकीतून बाहेर बघत होत्या. बाजूच्या स्कूटरवरचा माणूस गाडीकडे बघून हसला तेव्हा त्यांनी त्याला हात केला. तुम्ही तो सगळा वेळ समोर बघत होतात, पण तुमचे कान लाल झाले होते.

आपला एक वाद तेवढा राहिला. मला पंखा आपोआप लागणारा हवा होता. पाणी तापलं की एक छोटा स्विच स्वतःच चालू करतो, तसा. तुम्हाला बटणच हवं होतं. तुमचं म्हणणं, आपोआप होणाऱ्या गोष्टींकडे माणूस बघायचं सोडून देतो. तो स्विच मी आणून ठेवलाय, अजून पाकिटातच आहे, तुमच्या हत्यारांच्या पेटीत. आता तो बसवायला मला कोणी अडवणार नाही. असा जिंकलेला वाद काय कामाचा? या विषयावर माझ्याकडे दोन नवीन मुद्दे होते, बाबा. चांगले होते. तुम्ही दिवाळीनंतरच्या त्या धुरकट आठवड्यात खोकायला लागलात, आणि मी म्हटलं, बरे झालात की बोलू.

आणखीही काही बोलायचं राहिलं. मिहीरचं आणि माझं का मोडलं ते तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. सुरुवातीला मला वाटायचं, तुम्हाला जाणून घ्यायचं नाही. मग वाटायला लागलं, विचारलंत तर मला त्याच्याविरुद्ध काहीतरी बोलावं लागेल आणि तुम्हाला ते ऐकावं लागेल. म्हणून तुम्ही आम्हा दोघांना वाचवताय. खरं काय ते मला माहीत नाही. पण त्या दोन वर्षांत जगात एवढी एकच जागा होती जिथे मला कोणाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं, आणि ती तुमच्या पार्किंगमध्ये होती. हे तुम्हाला सांगायला हवं होतं. मी त्याऐवजी फ्यूजबद्दल बोलत राहिले.

स्मशानात मी मागे उभी होते. पुण्याहून आलेल्या तुमच्या चुलतभावांनी आईंना विचारलं, या कोण. मी तिथून सरकायला लागले, कारण उत्तर काय असू शकतं याची मला पूर्ण कल्पना होती. आईंनी माझा हात धरून पुढे ओढलं.

"ही आमची ऋचा," त्या म्हणाल्या. पुढे काही जोडलं नाही, आणि त्यांनीही पुढे विचारलं नाही.

तर तो जयपूरचा माणूस. त्याने बॉनेट उघडलं, वाकून बराच वेळ बघितलं, आणि विचारलं, "वायरिंग किसने की है? बहुत साफ काम है." मिहीर म्हणाला की बाबांचे कोणी इलेक्ट्रिशियन आहेत, दर रविवारी यायचे. आई शेजारी उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ते बघ तुझ्या शेजारी उभे आहेत."

मिहीरने माझ्याकडे बघितलं. त्याला माहीतच नव्हतं, बाबा. दर सोमवारी तुम्ही त्याला फोनवर सांगायचात, काल आमचे इलेक्ट्रिशियन आले होते, आमच्या इलेक्ट्रिशियनना हे पटलं नाही, ते पटलं. आदरार्थी बहुवचन वापरून तुम्ही मला दोन वर्षं लपवलंत. आणि तुम्ही गेल्यावर मी घरी दिसले, तर त्याला वाटलं रीत म्हणून येते आहे.

तो माणूस गेल्यावर आम्ही दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभे राहून बोललो. लग्न मोडल्यापासून वकिलांशिवाय पहिल्यांदाच. त्याने विचारलं, तुला इथे यायला त्रास नाही झाला? झाला, मी म्हटलं, सुरुवातीला. मग तो म्हणाला, "सोमवारी त्यांचा आवाज चांगला असायचा. मला वाटायचं, गाडीमुळे." त्याचे डोळे भरून आले होते. मी त्याला पंखा कसा जोडलाय ते दाखवलं. सही साहेबाची, काम शिपायाचं, तेही सांगितलं. तो हसला, अगदी तुमच्यासारखा, आधी नाकातून. आमचं जे मोडलं ते मोडलं, त्यात बदल नाही. पण आता आम्ही एकमेकांना फोन करू शकतो, हे नक्की.

गाडी विकायची नाही, हे आईंनी सांगितलं. वाद घालण्यासारखा त्यांचा आवाज नव्हता. मिहीर बुधवारी परत गेला, जाण्याआधी कागद त्यांच्या नावावर करण्याचा अर्ज भरून.

आणि आज सकाळी मी पोचले तेव्हा आई खाली माझी वाट बघत होत्या. सलवार-कमीज, स्वेटर, पायात मिहीरचे शाळेतले कॅनव्हासचे बूट, पुढे मोजे कोंबलेले. म्हणाल्या, मला चालवायला शिकव. वयाची सत्तरी ओलांडलेली बाई, बाबा. लर्निंग लायसन्सचा फॉर्म त्यांनी मिहीरकडून ऑनलाइन भरूनही घेतला होता, मला न सांगता. मी म्हटलं, रस्त्यावर माझ्या छोट्या गाडीत शिकू. हिच्यात फक्त सोसायटीच्या मागच्या गल्लीत. त्यांना ते मान्य होतं.

चार वेळा गाडी बंद पडली. क्लच झटकन सुटायचा, गाडी एक गचका देऊन गप्प. गार्ड कौतुकाने बघत होता, त्याला त्यांनी गेटवर पाठवून दिलं. पाचव्यांदा गाडी निघाली. थंडीची कोवळी उन्हं काचेवर येत होती, त्यांनी डोळे बारीक केले होते, आणि आम्ही पायी चालणाऱ्याच्या वेगाने त्या गल्लीतून गेलो, कचऱ्याच्या डब्यांजवळून, वाळत टाकलेल्या रजयांजवळून, बोगनवेलीपर्यंत. भिंत आली तशी त्यांनी ब्रेक दाबला, गिअर न्यूट्रलला आणला, सगळं बरोबर. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून समोर बघत राहिल्या. मला वाटलं आता रडतील.

"एवढंच होतं?" त्या म्हणाल्या. "आणि एवढी वर्षं मला शेजारी बसवून ठेवलं?"

मी तुमची बाजू घेतली नाही, बाबा. रिव्हर्स कुठे पडतो ते दाखवलं. त्यांनी मान वळवून मागे नीट बघितलं आणि गाडी मागे घ्यायला लागल्या.